विरजण सकाळी द्यायचं

आमची प्रयोगशाळा कंपनीच्या कॅन्टीनला पाठ लावून उभी होती. मधे एकच भिंत. अकराच्या सुमाराला तिकडे कांदा फोडणीला पडला की इकडचा टोल्युइनसारख्या उग्र रसायनाचासुद्धा वास हरायचा. महाडच्या एमआयडीसीत तेव्हा रसायनांचे कारखाने एकाला लागून एक उभे राहत होते, आणि त्यातल्या बहुतेकांत प्रयोगशाळा म्हणजे आलेला माल तपासायचा नि जाणाऱ्या मालावर शिक्का मारायचा, एवढंच. आमच्या शेठना मात्र संशोधनाची हौस. हौस मोठी, जागा लहान. पूर्वी ड्रम ठेवायची जी खोली होती तिला पांढरा रंग दिला आणि बाहेर पाटी ठोकली, ‘संशोधन आणि विकास विभाग’. पाटी दारापेक्षा लांब झाली होती. दारावर अशी खाली उतरली होती की उंच माणसाच्या डोक्याला लागायची.

त्या विभागाची मी प्रमुख. माझ्या हाताखाली चौघे. मी कापडे गावाच्या वरच्या वाडीतली, घरी भातशेती आणि म्हशी. महाडला बी.एस्सी. केलं, मुंबईला मावशीकडे राहून एम.एस्सी. केलं आणि परत आले, याचंच लोकांना नवल. आमच्याकडची माणसं मुंबईला जातात ती गणपतीला आणि शिमग्याला परत येतात, नोकरीसाठी नाही. वाडीत माझ्या कामाबद्दल एकच समज होता : शैला औषधाच्या कंपनीत आहे, तिला सांगितलं तर खोकल्याची बाटली फुकट मिळेल. मी पंचवीस वर्षं समजावून सांगितलं. शेवटी खोकल्याच्या बाटल्या विकत घेऊन वाटल्या.

आम्ही औषध करत नव्हतो. गोळी लोकांना दिसते, पण तिच्यामागे दहाबारा पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीवर एक वेगळा पदार्थ तयार होतो. त्यातली मधली एखादी पायरी आमची. पुरणपोळी दुसऱ्याची, आम्ही डाळ शिजवून द्यायची.

उत्पादन खात्याचे प्रमुख कदम. गाव पोलादपूर, आवाज खणखणीत, रोज मोटारसायकलवरून येऊन-जाऊन. माझी खोली त्यांना ड्रमसाठी परत हवी होती. “मॅडम, तुमची काचेची भातुकली आवरा एकदा,” असं येता-जाता म्हणायचे. माणूस मनाचा वाईट नव्हता. पावसात त्यांचे ड्रम खरोखरच बाहेर गंजत पडलेले असायचे.

नव्वदच्या दशकात एक नवीनच गोष्ट सुरू झाली. तोवर परदेशी कंपन्या आपलं संशोधन आपल्याच घरात, कुलपात ठेवायच्या. आम्हाला मिळायचं ते शिळं. मग त्यांनी संशोधनाचीही वाटणी केली. कल्पना एका देशात निघायची, पहिला प्रयोग दुसऱ्या देशात व्हायचा, आणि तो प्रयोग वाटीतून पातेल्यात आणि पातेल्यातून कढईत न्यायचं काम जिथे नेटकं नि स्वस्त होईल तिथे जायचं. एका स्विस कंपनीने आमचं नाव कुठून ऐकलं देव जाणे, पण एक दिवस फॅक्स मशीनमधून त्यांचं पहिलं काम कुरकुरत बाहेर आलं. शेठ मुंबईहून स्वतः तो कागद बघायला आले. त्यांनी तो हातात असा धरला होता, जणू लग्नपत्रिकाच.

त्या पहिल्या कामाची गंमत सांगते. कृतीत लिहिलं होतं, ‘मिश्रण खोलीच्या तापमानाला ढवळावे.’ आम्ही ढवळलं. मे महिना. काळाकुट्ट डांबरासारखा गोळा झाला. तीनदा केलं, तीनदा डांबर. कदम म्हणाले, “हायवेला खड्डे पडलेत, तिकडे तरी पाठवा.” मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी स्वित्झर्लंडला फॅक्स केला : ‘कोणाच्या खोलीचं तापमान?’ त्यांच्या खोलीत वीस अंश होते. आमच्या खोलीत अडतीस, आणि पंखा पलीकडच्या कॅन्टीनवाल्याने उसना नेलेला. त्यानंतर त्या कंपनीने आयुष्यात कधी ‘खोलीचं तापमान’ असं लिहिलं नाही, आकडाच लिहिला. जगाच्या विज्ञानाला महाडने केलेली ही पहिली मदत, असं मी मानते.

आता मुख्य गोष्ट.

दुसऱ्या कामाचा पदार्थ म्हणजे एक तेल होतं. त्याचं नाव सांगत नाही. गुप्ततेच्या कागदावर सही केलेली आहे आणि सही करताना मुदत कधी संपते ते वाचलेलं नाही. जाडसर, पिवळं, मधासारखं तेल. अडचण अशी की तेल शुद्ध करणं फार कटकटीचं. पदार्थ दाणेदार झाला तर घाण वर राहते आणि दाणे गाळून घेतले की काम झालं. लोणकढं तूप गार होताना त्याला कणी धरते, तसंच. स्विस लोकांनी त्या तेलाला कणी आणण्यासाठी दोन वर्षं डोकं फोडलं होतं. बर्फात ठेवलं, काचेच्या कांडीने भांडं आतून खरवडलं, सगळं करून झालं. कणी येईना. हा पदार्थ जन्मजात तेलच आहे, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

त्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत कंपनी बंद होती. परत येऊन मी कुलूप काढलं, तर मोरीवर घासायचा राहिलेला एक चंबू. तळाशी उरलेल्या तेलाच्या जागी पांढरी कणी. भांडं उपडं केलं, पडेना. मी ती चाकूच्या टोकाने काढली आणि नव्या तेलाच्या भांड्यात टाकली. दुपारपर्यंत ते भांडंही गोठलं. आणि त्यानंतर आमच्याकडे ते तेल, तेल म्हणून राहीनाच. काही न टाकताही संध्याकाळी ठेवलं की सकाळी कणी. आम्ही पाचही जण भांडं उपडं करून एकमेकांच्या डोक्यावर धरत हिंडलो. पदवीधर माणसं, पण आनंद आवरेना.

फॅक्स पाठवला. उत्तर आलं, अभिनंदन, कृती पाठवा. पाठवली. मग महिनाभर काही नाही. मग आलं : ‘तुमच्या कृतीने आमच्याकडे तेलच मिळते.’ पुन्हा पाठवली, अजून बारकाईने. पुन्हा तेल. हळूहळू त्यांच्या फॅक्सची भाषा बदलली. आधी ‘प्रिय’ असायचं, ते गेलं. शेवटी सरळ विचारलं, तुमचा पदार्थ नक्की तोच आहे ना? म्हणजे सभ्य भाषेत, बाई, तुम्ही लबाडी करताय.

मला इतका राग आला की त्या दिवशी डबा खाल्ला नाही.

शेठांचा फोन आला. ते मला शैलाबेन म्हणायचे. “शैलाबेन, त्यांचा एक मोठा शास्त्रज्ञ मार्चमध्ये येतोय. स्वतः बघणार. त्याची खात्री पटली तर ठीक. नाही पटली तर काम चीनला जाणार, तिकडची एक कंपनी तयारच बसलीये. आणि मग ही खोली चालू ठेवणं मला परवडायचं नाही.” म्हणजे कदमांचे ड्रम आत, आणि आम्ही पाचजण बाहेर. हे सगळं एका भांड्यातल्या कणीवर येऊन थांबलं होतं, आणि ती कणी आमच्याकडे का येते नि त्यांच्याकडे का येत नाही हे मलाही माहीत नव्हतं.

ते मला कळलं वाडीत. फेब्रुवारीत भावाच्या नव्या घरी गेले होते. सिमेंटचं घर, लादी, स्टीलची भांडी. वहिनी चिडलेली. “वन्सं, जुन्या घरात मडक्यात नुसतं दूध ओतून ठेवला तरी आपसूक इरजायचा. हितं चार दिस झालं, दही लागत नाय. मडकी हलवताना फुटली नि इरजणपण गेला.” मी म्हटलं, आणते शेजारून, आणि वाटी घेऊन सगुणाकाकीकडे गेले. काकी दारातच बसली होती, मागे देवाजवळ दिवा लावलेला.

“दिवं लागलं गो बाय,” काकी म्हणाली. “आता इरजण नाय द्येयाचा. सकाळी ये, वाटी भरून घेऊन जा.”

एम.एस्सी. झालेली मी रिकामी वाटी घेऊन परत निघाले. आमच्याकडे दिवेलागणीनंतर मीठ देत नाहीत, विरजण देत नाहीत. घरातली बरकत जाते म्हणतात. मी लहानपणापासून पाळत आले होते, त्यामुळे काकीचा राग आला नाही. पण त्या बांधावरच्या वाटेवर माझे पाय थांबले. जुनं मडकं. नवं स्टील. जुन्या मडक्याच्या अंगात विरजण मुरलेलं असतं, म्हणून दूध आपोआप लागतं. आमची प्रयोगशाळा म्हणजे जुनं मडकं झाली होती. एकदा कणी पडली, तिचा डोळ्यांना न दिसणारा चुरा हवेत, टेबलावर, आमच्या कपड्यांवर पसरला, आणि आता तिथे उघडलेल्या कुठल्याही तेलाला तो लागत होता. स्विस प्रयोगशाळा नवी कोरी, धुतलेली, पुसलेली. तिथे लागायला काही नव्हतंच. लबाडी कुणाचीच नव्हती. त्यांच्याकडे विरजण नव्हतं, इतकंच!

पुस्तकात हे आहे. कणीने कणी येते, हे आम्ही शिकलेलोच असतो. पण पुस्तकातलं वाक्य आणि आपल्या टेबलावरची धूळ यांची गाठ पडायला मला काकीच्या दारातून हात हलवत यावं लागलं.

डॉ. केलर आले ते नेमके चवदार तळ्याच्या मेळाव्याच्या आदल्या दिवशी. रस्त्याला गाड्यांची रांग, गावात माणसंच माणसं, सगळी लॉज भरलेली. केलर म्हणजे साडेसहा फूट उंच, किडकिडीत, कमी बोलणारा गृहस्थ. दारातली पाटी त्यांच्या थेट कपाळाला लागली. त्यांनी आपल्या तेलाची एक सीलबंद बाटली बरोबर आणली होती. त्यांचा बेत असा की दिवसभर बघायचं, आमच्या कणीचा नमुना घ्यायचा आणि संध्याकाळीच मुंबईला निघायचं.

दिवसभर ते माझ्या मागे उभे राहिले. मी काय ओतते, किती ओतते, हात कुठे जातो. मी मुद्दाम बाह्या वर केल्या, गारुड्यासारख्या. मग त्यांनी आपली बाटली उघडली, थेंबभर तेल काढलं आणि आमच्या जुन्या यंत्रावर तपासलं. आमची कणी वितळवून तीही तपासली. दोन्ही आलेखांचे कागद एकावर एक ठेवून खिडकीशी उजेडात धरले. रेघेवर रेघ बसली.

“पदार्थ तोच आहे,” ते म्हणाले. एवढंच. पण आमच्याकडे तो कणीदार का होतो ते त्यांना कळेना. मी विरजणाची गोष्ट सांगितली, तर मान हलवून म्हणाले, “शक्य आहे. सिद्ध झालेलं नाही.” शास्त्रज्ञाने असंच बोलायला हवं. पण हे ‘सिद्ध झालेलं नाही’ घेऊन ते स्वित्झर्लंडला गेले असते, तर काम चीनला गेलंच म्हणून समजा.

बाहेर अंधारून आलं. गेटवरचा दिवा लागला, पलीकडे कॅन्टीनवाल्याने देवापुढे उदबत्ती लावली. केलरनी हात पुढे केला. “नमुना द्या. मी निघतो.”

कणीची बाटली माझ्या हातात होती. आणि माझा हात पुढे होईना.

खरंच होईना. आजही हसू येतं. समोर एवढा मोठा माणूस, गाडी चालू करून उभी, नोकरी टांगणीला लागलेली, आणि मी म्हणाले, “सर, आता नाही. सकाळी देईन.”

“का?”

“दिवे लागलेत.”

केलर दिव्याकडे बघायला लागले. कदम तिथेच होते, त्यांनी कपाळावर हात मारला. “मॅडम, तुम्ही एमेस्सी ना?”

“हो. आणि तुमच्या घरी दिवे लागल्यावर विरजण देतात?”

कदमांनी कपाळावरचा हात खाली घेतला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, “नाय. मंडळी नाय देत.”

लॉज तर एकही मोकळं नव्हतं. शेवटी कदमच केलरना पोलादपूरला आपल्या घरी घेऊन गेले. कंपनीच्या गाडीत बसताना केलरनी घड्याळ पाहिलं, विमान दुसऱ्या दिवशी रात्रीचं आहे म्हणाले, आणि अजिबात रागावले नाहीत. त्यांची बाटली टेबलावरच राहिली. तपासायला उघडलेली, बूच बाजूला.

सकाळी मी आठच्या आत पोहोचले, तर कंपनीची गाडी आधीच आत आलेली. कदम सांगत होते, “साहेबांनी नाचणीची भाकरी नि दही खाल्लं. दही कसं लावतात ते विचारलं. मी हातवारे करून सांगितलं. मंडळींनी दिवे लागल्यावर का देत नाहीत तेसुद्धा सांगितलं. ते मला इंग्रजीत करता येईना, पण ते हो हो म्हणत होते.” आम्ही बोलत बोलत आत गेलो. केलर सर्वांच्या पुढे. पाटी चुकवायला वाकले, सरळ झाले आणि जागच्या जागी उभे राहिले.

टेबलावर त्यांची बाटली. आत पांढरं.

त्यांनी ती उचलली. हळूच उपडी केली. कदमांनी सवयीने खाली हात धरला, न जाणो सांडलं तर. काहीच सांडलं नाही. त्यांच्या देशात दोन वर्षं जे तेल हटून बसलं होतं, ते महाडच्या हवेत एका रात्रीत दगड झालं होतं. तो इतका कमी बोलणारा माणूस मोठ्याने हसायला लागला. आमची पोरं टाळ्या वाजवायला लागली. पलीकडून कॅन्टीनवाला धावत आला, काय फुटलं म्हणून. आदल्या संध्याकाळी मी नमुना दिला असता, तर ही बाटली बूच लावून, तेलाची तेलच परत गेली असती.

हसणं ओसरल्यावर केलरनी ती बाटली माझ्यासमोर ठेवली. “हे तुमच्या हवेतलं आहे,” ते म्हणाले. “तुम्ही सांगाल तर इथेच ठेवून जातो. मला जे पाहायचं होतं ते मी पाहिलं.”

माणूस सरळ होता. आणि मला शेठांचे शब्द आठवले. त्यांनी दोन दिवस आधीच फोनवर बजावलं होतं, “शैलाबेन, करार झाल्याशिवाय कणी द्यायची नाही. विरजण एकदा गेलं ना, की पुढचं दही त्यांचं. आपल्याकडे नुसतं भांडं राहील.” धंद्याच्या हिशेबाने ते चूक नव्हते. ती चिमूट ज्याच्याकडे, तो आमच्यावाचून काम करू शकत होता. तो, आणि त्याने ज्याला दिली तो.

पण मी वाडीतली. आमच्याकडे विरजण नाही म्हणायची पद्धत नाही. उद्या ये म्हणतात, नाही म्हणत नाहीत. कारण कुणाचंही मडकं कधीही फुटतं. ज्या घराने वाटलं त्याला मागायला दार राहतं. मी त्यांची बाटली त्यांना दिली आणि आमचीही दिली.

“एक मागणं आहे,” मी म्हटलं. “आम्हाला नुसतं शिजवायला देऊ नका. काय शिजवायचं ते ठरवताना पण बोलवा.”

“शब्द देऊ शकत नाही,” केलर म्हणाले. “तिकडे सांगू शकतो.”

शेठांना फोन मी त्यांची गाडी हायवेला लागल्यावर केला. शेठांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “काम नाही आलं, तर खोलीची चावी तू स्वतः कदमच्या हातात द्यायची.” ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. फॅक्स मशीन शेजारच्या ऑफिसात होतं. ते नुसतं खोकलं तरी मी उठायची. कदम रोज दारात येऊन खोलीकडे नजर टाकायचे, पण ड्रमचं नाव काढत नव्हते, आणि ते तर मला जास्तच लागायचं.

एका दुपारी मशीन कुरकुरलं. पहिली ओळ, ‘प्रिय’. ते परत आलं होतं! कणी आली होती. तिकडच्या सगळ्या भांड्यांत आली होती. केलरनी लिहिलं होतं की आता त्यांच्याकडेही ते तेल, तेल म्हणून राहत नाही. आणि खाली दुसरा परिच्छेद : पुढच्या तीन पदार्थांच्या संशोधनाचं काम महाडला, पहिल्या बैठकीपासून.

कदमांनी कागद माझ्या हातातून घेतला, दोनदा वाचला, आणि टेप घेऊन भिंत मोजायला लागले. मी म्हटलं, “काय करताय?” म्हणाले, “कॅन्टीन पलीकडे नेऊ. ही भिंत पाडू. एवढ्या खोलीत तीन कामं व्हायची नाहीत.” आणि पाडली. पहिला घाव त्यांनी घातला, बांधकामवाल्याच्या हातातला हातोडा घेऊन. ड्रमना पुढे पत्र्याची शेड मिळाली. जेवणात पडणारी भिंतीची धूळ महिनाभर सगळ्यांनी आनंदाने खाल्ली.

त्यानंतरची वर्षं म्हणजे माझ्या आयुष्यातली भरजरी वर्षं. फॅक्स जाऊन ईमेल आलं. आमची मुलं तिकडे जाऊन शिकून आली, तिकडची इकडे येऊन भाकरी खाऊन गेली. सोमवारच्या बैठकीला फोनवर तीन देश असायचे आणि त्यात महाड एक. माणगावच्या पुढे वीज गेली की आमचा आवाज जायचा, मग बाकीचे दोन देश थांबायचे. थांबायचे, हे महत्त्वाचं. मी एकदा तिकडे जाऊन आले. केलरनी त्यांच्या फ्रीजमध्ये ठेवलेली आमची बाटली दाखवली. इतक्या स्वच्छ खोलीत ती जरा गावंढळ दिसत होती.

एक सल मात्र राहिला. काही वर्षांनी त्या पदार्थाचं मोठं उत्पादन चीनच्या त्याच कंपनीकडे गेलं. स्वस्त पडतं म्हणून. कणीही गेली. शेठ म्हणाले, “बघ, तुझं विरजण. दही आता तिकडे लागतंय.” नवं शोधायचं काम आमच्याकडेच राहिलं होतं, विभागात चाळीस माणसं झाली होती. तरी त्या दिवशी त्यांचं बोलणं लागलं.

मग एका जुलैत महाडला पूर आला. दरडी कोसळल्या, ओळखीची माणसं गेली. त्याबद्दल इथे लिहीत नाही, माझ्याच्याने लिहवत नाही. वाडीतली माझी माणसं वाचली. कंपनीत खिडकीच्या वर पाणी चढलं होतं. चिखल उपसला, भिंती खरवडल्या, चुना लावला, सगळी काच नवीन आणली. दोन महिन्यांनी पहिलं काम सुरू केलं, आणि त्यासाठी आधी तोच जुना पदार्थ थोडा करून घ्यायचा होता.

तेल.

तापमान बदललं, कांडीने खरवडलं, आठ दिवस ठेवलं. तेलच. मडकं फुटलं होतं. कणीच्या बाटल्या पुरात गेल्या होत्या, आणि नव्या चुन्याच्या भिंतींना काहीच आठवत नव्हतं. तिकडे स्विस कंपनी तोवर दुसऱ्या मोठ्या कंपनीत गेलेली. नव्या साहेबांना ना महाड माहीत, ना दही. वेळेवर नमुने गेले नाहीत तर पुढचं काम दुसरीकडे, असं त्यांनी स्वच्छ कळवलं होतं. चाळीस घरांचा प्रश्न होता. मी केलरना ईमेल केलं. ते निवृत्तीला टेकले होते. मी लिहिलं, ‘वाटी घेऊन दारात उभी आहे.’ एका ओळीत उत्तर आलं : ‘निघालं आहे.’

कुरियर आलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. गेटवरचा दिवा नुकताच लागला होता. कदमांचे केस एव्हाना पांढरे झाले होते. ते पाकीट घेऊन आत आले आणि दारातच थांबले.

“मॅडम, दिवं लागलंत. घ्यायचं काय, का ठेवू उद्यापर्यंत?”

“बंधन देणाऱ्याला असतं हो,” मी म्हटलं. “घेणाऱ्याला नाही. आणा.”

पाकिटावरचा पत्ता बघून मी चमकले. पाकीट स्वित्झर्लंडहून नव्हतंच, चीनहून होतं. जिथे आमचं दही पळवलं म्हणून शेठ इतकी वर्षं कुरकुरले, तिथून. आत कापसात गुंडाळलेली करंगळीएवढी बाटली, तळाशी पांढरी चिमूट. मी तिथल्या तिथे चाकूच्या टोकाने ती नव्या तेलात टाकली. सगळे भोवती उभे. पांढरा ठिपका बुडाला, थांबला, आणि त्याच्याभोवती तेल गढुळायला लागलं. जेवायला कुणी गेलं नाही. भांडं गोठलं तेव्हा कदमांनी स्वतः ते उपडं केलं आणि खाली हात धरला. काही सांडलं नाही. आम्ही म्हातारी माणसं रडलो आणि नव्या पोरांना कळेना की यात रडण्यासारखं काय आहे.

मग कापसात एक चिठ्ठी दिसली. तिकडच्या कुणा अनोळखी बाईंची, साध्या इंग्रजीत. मी ती कदमांना मराठीत वाचून दाखवली : ‘डॉ. केलर यांनी सांगितलं की तुम्हाला हे तातडीने हवं आहे. मी कालच संध्याकाळी पाठवणार होते. पण त्यांनी बजावलं आहे की ही वस्तू दिवे लागल्यानंतर द्यायची नसते. कारण मला माहीत नाही. आज सकाळी पाठवत आहे.’

कदमांनी चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

“पण केलरसाहेबांना हे कुनी सांगितलं?”

“आपणच की,” मी म्हटलं.